अनुदानाचें माप आणि गांवोगांवचे जुने संग्रह

इतिहासाचें एखादें साधन नाहींसें झालें असें ऐकलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वाळवी, आग, पूर किंवा वाण्याच्या दुकानांतील पुडी उभी राहते. मराठी संशोधकांच्या प्रस्तावनांतून या चार शत्रूंची ओळख आपणांस इतक्या वेळां करून देण्यांत आली आहे कीं पांचवा कोणी असेल अशी शंकाच येत नाहीं. प्रस्तुत लेखकास त्या पांचव्याची गांठ एका तालुक्याच्या गांवीं पडली. तेथील वाचनालय शंभर वर्षांहून जुनें. गांवच्या नगरपालिकेच्या आरंभींच्या वर्षांचे छापील अहवाल तेथें पाहावयास मिळतील अशी आशा होती. दाखलखात्यांत ते अहवाल होते. अनुक्रमांक होते, दाखल झाल्याची तारीख होती, देणाऱ्याचें नांवही होतें. पुढच्या रकान्यांत तांबड्या शाईनें शेरा मारलेला होता: 'जीर्ण. मागणी नाहीं. बाद.' खालीं समितीच्या ठरावाचा क्रमांक. कोणीं चोरलें नव्हतें, कोणीं जाळलें नव्हतें. सर्व कांहीं रीतसर झालें होतें.

त्या ग्रंथपालास दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. वर्षांतून हप्त्यांनीं येणाऱ्या अनुदानावर ज्याचें वेतन अवलंबून आणि ज्याच्या हाताखालीं एक अर्धवेळ शिपाई, त्यानें फडताळ रिकामें करून नव्या पुस्तकांस जागा केली तर त्यानें आपलें कामच केलें. दोष आहे तो त्याच्या कामाचें जें माप ठरवून दिलेलें आहे त्याचा. आणि, सभासदांनीं रागावूं नये, थोडा आपलाही आहे. या मापाचें परीक्षण करावें, आणि पैशाची ओढ पडली म्हणजे त्यांतून नेमकें काय गळतें तें दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

आपल्याकडील जुनीं वाचनालयें इतिहाससंशोधनासाठीं निघालीं नाहींत. रत्नागिरीस १८२८ सालीं, अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) १८३८ सालीं, नाशकास १८४० सालीं, पुण्यास १८४८ सालीं, कोल्हापुरास १८५० सालीं व सोलापुरास १८५३ सालीं ज्या संस्था सुरू झाल्या त्यांचा उद्देश गांवच्या शिकलेल्या मंडळीस व तेथील साहेबलोकांस ग्रंथ व वर्तमानपत्रें वाचावयास मिळावीं इतकाच होता. परंतु एखादी संस्था शंभर वर्षें एका जागीं उभी राहिली म्हणजे गांव हळूहळू तिच्या आश्रयास येतें. पेन्शनर मामलेदार वारला, मुलगे मुंबईस. त्याचें पुस्तकांचें कपाट वाचनालयांत आलें. वकिलाच्या माडीवरचे अपिलांचे छापील कागद आले. संस्थान विलीन झालें, दरबारी गॅझेटाचे गठ्ठे कोणास नको होते, ते आले. देशपांड्यांच्या वाड्याचें छप्पर उतरवितांना माळ्यावर रुमाल सांपडले; मोडी वाचणारें घरांत कोणी उरलें नव्हतें, तेही आले. यांतील एकही वस्तु कोणीं ठरवून जमविली नाहीं. गांवास जें टाकवत नव्हतें आणि ठेवतांही येत नव्हतें तें वाचनालयाच्या मागच्या खोलींत सांठलें.

या मागच्या खोल्यांचें मोल किती आहे तें सांगावयास एक उदाहरण पुरे. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची सूचि १९४३ सालीं प्रसिद्ध केली. सूचिकार जुन्या वाचनालयांच्या कपाटांपर्यंत गेला म्हणून ती झाली. आज एखाद्या शिळाप्रेसवर छापलेल्या पोथीचें किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीं निघालेल्या पन्नास पानी चरित्राचें नांव आपण त्या सूचींतून काढतों आणि शोधावयास निघतों, तेव्हां असा अनुभव येतो कीं नांव राहिलें आहे व पुस्तक गेलें आहे. १८६७ पर्यंतच्या मराठी मुद्रितांस दोलामुद्रितें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. दोलामुद्रित या शब्दानें त्या ग्रंथांस प्रतिष्ठा मिळाली. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संग्रहांत ते काळजीनें ठेवले जातात. पण १८६७ नंतरचें, आणि त्यांतही केवळ गांवापुरतें छापलेलें जें वाङ्मय, म्हणजे कुलवृत्तान्त, देवस्थानच्या हिशेबाचीं पत्रकें, नगरपालिकांचे अहवाल, वसंत व्याख्यानमालेचीं निमंत्रणें, दोन वर्षें चालून बंद पडलेलीं साप्ताहिकें, त्यास असें कोणतेंही नांव नाहीं. नांव नसल्यामुळें त्याचा कैवार घेणाराही नाहीं.

आतां मापाकडे वळूं. ग्रंथालयांचा कायदा करण्यांत आपला प्रांत मागें नव्हता. मुंबई सरकारनें असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९४० च्या सुमारास प्रांतभर ग्रंथालयांची योजना आंखून दिली होती. कोल्हापूर दरबारानें तर १९४५ सालीं स्वतंत्र कायदाच केला. १९४९ सालीं संस्थान विलीन झालें आणि तो मागें पडला. मद्रास प्रांतानें १९४८ सालीं कायदा करून घरपट्टीवर ग्रंथालयाचा उपकर बसविला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. तो १९६८ च्या मे महिन्यांत अमलांत आला. त्यांत उपकर नाहीं. सरकारनें ग्रंथालय निधींत दरसाल निदान २५ लक्ष रुपये घालावे असें मात्र आहे. ग्रंथालयें खासगी संस्थांनींच चालवावीं व सरकारनें त्यांस अनुदान द्यावें ही मुख्य कल्पना. तिला आम्ही वाईट म्हणत नाहीं. लोकांनीं चालविलेलीं अकरा-बारा हजार वाचनालयें एका राज्यांत असावीं ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि सरकारी नोकरांच्या हातीं तीं असतीं तर मागच्या खोल्या मुळांतच भरल्या नसत्या. पण उपकर नसल्यामुळें गांवचें वाचनालय आणि गांवचा करदाता यांचा थेट संबंध राहिला नाहीं. पैसा वरून येतो. तेव्हां वरच्या मापानें येतो.

हें माप १९७० च्या नियमांत आहे. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले आहेत. वर्ग ठरतो तो ग्रंथांची संख्या, येणारीं नियतकालिकें, सभासद, उघडें राहण्याचे तास आणि सेवकवर्ग यांवरून. वर्ग चढला कीं अनुदान चढतें, उतरला कीं उतरतें. अनुदानाचा निम्मा भाग वेतनासाठीं, उरलेला वेतनेतर बाबींसाठीं. आणि ग्रंथखरेदीचा कांहीं भाग शासनमान्य यादींतील नव्या पुस्तकांवर झाला पाहिजे. हें सर्व वाचनालय म्हणजे वाचकांस नवीं पुस्तकें पुरविणारी संस्था, या एका समजुतीवर रचलेलें आहे, आणि त्या समजुतीपुरतें तें ठीकही आहे. पण या मापानें मागची खोली मोजून पाहावी. एका रुमालांत चारशें मोडी कागद आहेत. दाखलखात्यांत त्यांची गणना होते ती एक, किंवा शून्य. त्याच दिवशीं आलेल्या एका कादंबरीच्या तीन प्रतींची गणना होते तीन. रुमाल पाहावयास वर्षांतून एक मनुष्य येतो, तोही परगांवचा आणि सभासद नसलेला. म्हणजे तो मोजणींतच येत नाहीं. संग्रह जपल्याबद्दल वर्ग एक पायरीनेंही वर चढत नाहीं, आणि तो गमावल्याबद्दल खालींही येत नाहीं. उलट तो बाद करून त्या कपाटांत नवीं पुस्तकें लावलीं तर वर्ग टिकण्यास मदत होते! नियम करणारांच्या मनांत असें कांहीं नसेल, हें आम्ही धरून चालतों. परंतु नियमाचें परीक्षण त्याच्या हेतूवरून करावयाचें नसतें.

यावर कोणी म्हणेल कीं जुन्या कागदांची काळजी घेणारीं खातीं निराळीं आहेत. आहेत खरीं. ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाखालीं, पुराभिलेख संचालनालय सांस्कृतिक कार्य विभागाखालीं. पहिल्याच्या दृष्टीनें रुमाल हा ग्रंथ नव्हे. दुसऱ्याचा मुख्य भार सरकारी दप्तरांवर. वाचनालयाच्या ताब्यांतील खासगी घराण्याचा कागद सरकारी दप्तर नव्हे. मग २००३ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय पाण्डुलिपि मिशन काढलें तेव्हां आपल्यांतील पुष्कळांस आशा वाटली होती. त्या मिशननें हस्तलिखिताची जी व्याख्या केली ती प्रत्येक संग्राहकानें एकदां नीट वाचावी. हस्तलिखित निदान ७५ वर्षांचें हवें, हें ठीक. शिळाछाप व मुद्रित ग्रंथ हीं हस्तलिखितें नव्हेत, हेंही समजण्यासारखें आहे. पुढें मात्र असें म्हटलें आहे कीं हस्तलिखितांत ज्ञानविषय असतो, आणि शिलालेख, फर्मानें, महसुली कागद यांसारखीं इतिहासाचीं साक्षात् साधनें त्यांहून वेगळीं होत. म्हणजे कोणीं नकललेली पोथी त्या योजनेंत बसते. गांवच्या पाटिलकीचा महजर बसत नाहीं. पोथीचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं, पण पोथीच्या दुसऱ्या प्रती असतात. महजर एकच असतो. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत 'ज्ञान भारतम्' या नांवानें या कार्यास नवें रूप देण्याचें जाहीर झालें व एक कोटीहून अधिक हस्तलिखितें नोंदविण्याचा संकल्प सांगितला गेला. त्यांत मोडी दप्तरांस जागा मिळावी अशी मागणी करण्याची वेळ हीच आहे, आणि ती मागणी आपल्यासारख्या संस्थांनीं केली नाहीं तर दुसरें कोण करणार?

तेव्हां ग्रंथालयाच्या नियमांत बसत नाहीं, दप्तरखान्याच्या कक्षेंत येत नाहीं, पाण्डुलिपीच्या व्याख्येंत मावत नाहीं, अशी ही वस्तु केवळ समितीच्या सौजन्यावर जगते. बरे दिवस असतात तोंवर सौजन्य पुरतें. २०१२ सालीं महसूल खात्याकडून राज्यांतील सर्व अनुदानित ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदावरचीं ग्रंथालयें शोधून काढणें जरूर होतें यांत शंका नाहीं. पण तिच्यामागोमाग नव्या ग्रंथालयांस मान्यता देणें व वर्ग वाढविणें पुढें कित्येक वर्षें थांबलें, आणि अनुदानाचे आंकडे होते तेथेंच राहिले. महागाई मात्र राहिली नाहीं. २०२० च्या मे महिन्यांत साथीमुळें राज्य सरकारनें विकासखर्च ३३ टक्क्यांवर आणला, त्या वर्षीं ग्रंथालयांच्या अनुदानासही कात्री लागली. अशा वर्षीं समिती काय करते? सेवकाचें वेतन पूर्ण नाहीं तरी थोडें द्यावेंच लागतें. वर्तमानपत्रें बंद करतां येत नाहींत, वर्ग जातो. शिवाय सकाळीं येणारे म्हातारे सभासद रागावतात. वीजबिल थकवितां येत नाहीं. उरतें तें मागच्या खोलीचें छप्पर. तें या पावसाळ्यांत नाहीं तर पुढच्या पावसाळ्यांत शाकारूं, असें ठरतें. २०२२ च्या अखेरीस सरकारनें अनुदानांत ६० टक्के वाढ केली. ती योग्यच होती आणि उशिरां झाली. पण ती त्याच मापानें झाली, म्हणून तिच्यांतून छप्पराच्या वाट्यास कांहीं आलें नाहीं. कपातीमुळें नुकसान होतें हें सर्व जण म्हणतात. वाढीनेंही तें भरून येत नाहीं, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

पैशाच्या ओढाताणींत जुने संग्रह सांपडणें हें आपल्याच देशांत घडतें असें नाहीं. ज्या इंग्लंडच्या दप्तरव्यवस्थेचा आपण नेहमीं दाखला देतों तेथील नॉर्दम्प्टनशायर परगण्याची हकीकत अलीकडचीच आहे. परगण्याच्या कौन्सिलची तिजोरी रिकामी होत आली तेव्हां २०१७ सालीं तेथील दप्तरखान्यानें फुकट पाहण्याच्या वेळा कमी करून इतर वेळीं येणारांकडून ताशी साडेएकतीस पौंड घेण्याचें योजिलें. संशोधकांनीं व सामान्य लोकांनींही इतका गलबला केला कीं तो बेत मागें घ्यावा लागला. २०१८ च्या फेब्रुवारींत कौन्सिलनें नवा खर्च थांबविल्याची कायदेशीर नोटीस काढली आणि छत्तीसपैकीं एकवीस वाचनालयें सोडून देण्याचें ठरविलें. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय बेकायदा ठरविला. न्यायालयास हें म्हणतां आलें, कारण १९६४ च्या तेथील कायद्यानें सर्वसमावेशक व कार्यक्षम ग्रंथालयसेवा देणें हें स्थानिक कौन्सिलांचें कर्तव्य ठरविलें आहे. आपल्या कायद्यांत अनुदानाची वाट आहे, पण अमुक गोष्ट टिकविलीच पाहिजे असें कोणावरही बंधन नाहीं. म्हणून आपल्याकडे गलबला झाला तरी तो कोणत्या न्यायालयांत न्यावा हा प्रश्न राहतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नॉर्दम्प्टनच्या लोकांस काय बंद होणार हें माहीत होतें, कारण त्या दप्तरखान्याच्या याद्या होत्या. आपल्या मागच्या खोल्यांच्या याद्या नाहींत. जें आहे हेंच ठाऊक नाहीं तें गेल्याबद्दल ओरडणार कोण?

येथें कागदाविषयीं थोडें लिहिणें जरूर आहे, कारण संग्राहकांत एक गैरसमज रूढ आहे: जुनें तें नाजूक, अलीकडचें तें टिकाऊ. वस्तुस्थिति बहुधा उलट आहे. पेशवाईंतील पत्र जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावर लिहिलेलें असतें. तो चिंध्यांचा कागद. कोरडा राहिला तर अडीचशें वर्षांनींही घडी उलगडतांना मोडत नाहीं. काजळाची शाई उन्हानें उडत नाहीं. तिला भय पाण्याचें, कारण डिंकांत घोटलेली ती शाई ओल लागली कीं पसरते. उलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वर्तमानपत्रें व स्वस्त पुस्तकें ज्या लांकडाच्या लगद्याच्या कागदावर छापूं लागले त्याच्या अंगांतच आम्ल असतें. तो पिंवळा पडतो, मग तपकिरी होतो, मग कडेनें तुटूं लागतो. १७६५ सालचें पत्र आणि १९०५ सालचें साप्ताहिक एकाच कपाटांत असेल तर आधीं साप्ताहिकाकडे धांवावें. आम्ही मोडी कागदांवर प्रेम करणारे लोक नेमकें याच्या उलट करतों. शिक्क्याचा कागद कांचेंत घालतों आणि साप्ताहिकाच्या गठ्ठ्यावर बसून चहा घेतों. (प्रस्तुत लेखकानेंही हें केलें आहे.) एक इशारा आणखी. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये. सेल्युलोज ॲसिटेटच्या पटलांत कागद बंद करण्याची जी पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापासून आपल्या दप्तरखान्यांत रूढ झाली तिचेही दोष आतां दिसूं लागले आहेत. पटल स्वतःच कुजतें व आंतल्या कागदास घेऊन जातें. स्वच्छ सुती रुमाल, कोरडी लांकडी फळी, वेखंडाचे तुकडे, आणि वर्षांतून एकदां सावलींत उलगडून झाडणें, एवढ्यानें पुष्कळ काम होतें व त्यास अनुदान लागत नाहीं. लागतो तो मनुष्य.

गांवांत संग्रह सुरक्षित नाहीं, तो पुण्या-मुंबईस आणावा, हा उपाय आपल्यांत फार लोकप्रिय आहे. त्याच्या बाजूनें बोलणारांस चिपळूणचें उदाहरण हटकून आठवतें. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचें. २००५ च्या पुरांत त्याचें मोठें नुकसान झालें, लोकांनीं तें पुन्हां उभें केलें, २०१३ सालीं साहित्य संमेलन भरवून दाखविलें, आणि २२ जुलै २०२१ रोजीं पुन्हां पाणी आंत शिरलें. पण याच उदाहरणांतून आम्ही उलट निष्कर्ष काढतों. दोन्ही वेळां त्या संस्थेमागें गांव उभें राहिलें. आणि तें जें उभें राहिलें त्याचें कारण संग्रह गांवचा होता. संग्रह वरच्या मजल्यावर न्यावा, त्याच्या नकला दुसरीकडे ठेवाव्या, हें शहाणपण. मूळच हलविणें ही निराळी गोष्ट आहे. पारसनिसांनीं साताऱ्यास उभारलेल्या संग्रहालयाची हकीकत सर्वांस माहीत आहे. १९२५ सालीं त्याची इमारत झाली, १९२६ सालीं पारसनीस वारले, आणि १९३९ सालीं तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत आला. तेथें तो जपला गेला याबद्दल आपण कृतज्ञ असावें. परंतु सातारा जिल्ह्यांतील कागद पाहण्यास सातारकरांस पुण्यास यावें लागतें, आणि पुढच्या पिढ्यांतील सातारच्या घराण्यांचे कागद तेथल्या संग्रहांत भर म्हणून पडावयाचे ते पडले नाहींत, हा तोटा कोणीं मोजला आहे काय? याच्या उलट, राजवाडे १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यास वारले, आणि त्यांचा संग्रह धुळेकरांनीं पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवानें मंडळ काढून आपल्या गांवींच ठेविला. पुण्याहून धुळें लांब पडतें ही संशोधकांची तक्रार जुनी आहे. पण त्या मंडळामुळें खानदेशच्या इतिहासास एक घर मिळालें.

कागद कोठून आला हें कळणें हा अर्धा कागद आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पहिल्या खंडांतील पानिपतप्रकरणीं पत्रें वाईस एरंडे यांच्या घरीं मिळालीं, हें आपणांस ठाऊक आहे म्हणून त्या पत्रांकडे आपण अमुक दृष्टीनें पाहूं शकतों. आज बाजारांत शिक्क्याचा म्हणून जो सुटा कागद येतो त्यास घर नसतें. विकणाऱ्यानें रुमाल सोडून शिक्क्यांचे दहा कागद काढलेले असतात. उरलेले तीनशें, ज्यांत त्या दहांचा अर्थ होता, ते रद्दींत. आणि हे दहा विकत घेणारे कोण? या नियतकालिकाच्या वाचकांतच त्यांतील कांहीं असतील. वाचनालयाच्या समितीनें पैशाच्या अडचणींत रुमाल विकावयास काढला तर पहिला गिऱ्हाईक आपणच असतों, आणि आपण त्यास 'वांचविणें' म्हणतों. कधीं तें खरेंही असतें. पण घेतांना मूळ दाखलखात्यांतील क्रमांक टिपून घेणें, संपूर्ण रुमाल घेणें किंवा मुळींच न घेणें, आणि समितीस नक्कल देणें, इतकें तरी किती जण करतात? अभ्यासासाठीं म्हणून दोन महिन्यांच्या बोलीनें नेलेले व कधींच परत न गेलेले कागद हा विषय तर असा आहे कीं त्यावर लिहावयास बसल्यास जुन्या थोर नांवांचीही गय करतां येणार नाहीं. म्हणून तो येथेंच सोडतों. वाचनालयें आज संशोधकांस कपाट उघडून देण्यास का कचरतात, याचें उत्तर मात्र त्यांत आहे.

छायाचित्रें घेऊन ठेविलीं कीं मुळाची चिंता नको, असेंही आतां ऐकूं येतें. विशेषतः पैसा वांचवूं पाहणाऱ्या कार्यालयांतून. छायाचित्रें अवश्य घ्यावींत. पुरांत वाहून गेलेल्या कागदाचें चित्र हाताशीं असणें केव्हांही बरें. पण ज्या रुमालाची यादी नाहीं त्याचीं चारशें छायाचित्रें म्हणजे चारशें न वाचलेले कागदच. फरक इतकाच कीं आतां ते धूळही खात नाहींत, म्हणून कोणाच्या नजरेसही येत नाहींत. मोडी वाचणारा मनुष्य बसवून, कागदागणिक एक ओळ लिहून घेणें हें खर्चाचें काम नाहीं, वेळेचें आहे. मोडीचे वर्ग ठिकठिकाणीं चालतात, दरसाल शेंकडों विद्यार्थी अक्षर ओळखावयास शिकून बाहेर पडतात आणि पुढें वाचावयास कांहीं न मिळाल्यामुळें विसरतात. एकीकडे न वाचलेले रुमाल, दुसरीकडे न वापरलेले वाचक. हीं दोन एकत्र आणावयास सरकारची परवानगी लागत नाहीं.

सरकारकडे मागावयाचें तें थोडें आहे, पण नेमकें आहे. स्थानिक संग्रहासाठीं वेगळें दाखलखातें असावें व त्यांतील वस्तु बाद करण्याचा अधिकार एकट्या समितीस नसावा. वर्ग ठरवितांना याद केलेल्या व सुस्थितींत ठेवलेल्या अशा संग्रहास गुण असावेत. म्हणजे तो जपणाऱ्या संस्थेचा वर्ग निदान उतरूं नये. वेतनेतर अनुदानांतून कपाट, रुमाल व छप्पर यांवर झालेला खर्च ग्रंथखरेदीच्या बरोबरीनें मान्य व्हावा. या तिन्हींस नवा पैसा जवळजवळ लागत नाहीं. पैशासाठीं भांडणारांच्या मागण्या यांहून मोठ्या आहेत, आणि त्यांस आमचा विरोध नाहीं. पण पुढच्या कपातीच्या वर्षीं मोठ्या मागण्या बाजूस पडतील, तेव्हां या लहान तीन नियमांत असतील तर कपाट वांचेल.

आरंभीं सांगितलेल्या वाचनालयांत नगरपालिकेचे अहवाल परत येण्याचा संभव नाहीं. ते ज्या रद्दीवाल्याकडे गेले त्यानें ते त्याच आठवड्यांत पुढें पाठविले होते. पण त्याच खोलींत लोखंडी कपाटाच्या वर, कोणत्याच खात्यांत न लिहिलेले म्हणून बाद होण्यापासूनही वांचलेले एकेचाळीस रुमाल होते. ग्रंथपालानेंच शिडी लावून ते खालीं काढून दिले. गेल्या मार्गशीर्षापासून दर रविवारीं तिघे मोडी शिकलेले तरुण व प्रस्तुत लेखक तेथें जातात. रुमाल सोडावयाचा, कागद मोजावयाचे, घराणें, गांव, सन व विषय यांची एक ओळ लिहावयाची, पुन्हां बांधून वर क्रमांकाची चिठ्ठी लावावयाची. यादीची एक प्रत वाचनालयांत, एक मंडळांत. आजवर सव्वीस रुमाल झाले. सत्ताविसाव्यांत वरवर पाहतां कसबे गांवच्या बाजाराच्या जकातीचे हिशेब दिसतात; त्यावर ओल आलेली आहे, म्हणून तो सावलींत पसरून ठेविला आहे.